स्प्रिंग कापण्याआधी थर्माकोल

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय २४. घर कराड तालुक्यातल्या एका गावाबाहेरच्या वस्तीवर, नोकरी एमआयडीसीतल्या कारखान्यात. दीड वर्षापूर्वी २०१४ची स्विफ्ट व्हीएक्सआय सेकंडहँड घेतली. हप्ता तो भरतो, डाउनपेमेंट वडिलांनी उसाच्या बिलातून दिलं. मित्रांनी गाड्या खाली बसवून घेतल्यात; आपल्या गाडीचा टायर आणि मडगार्ड यांच्यामधली 'चार बोटांची फट' आता त्याला बघवत नाही. शिवाय गाडी खाली आली की वळणावर चिकटून चालते, असं तो ऐकून आहे. बजेट १० हजार. ओळखीचा गॅरेजवाला १,८०० रुपयांत चारही स्प्रिंगा दीड-दीड राउंड कापून देतो म्हणतो. तयार लोअरिंग स्प्रिंगांच्या सेटला त्यानेच २६ हजार सांगितलेत. वडील, म्हणजे आबा, म्हणतात, "गाडीला कटर लावलास तर चावी माझ्याकडे द्यायची." प्रश्न दोन: १० हजारांत गाडी खाली कशी बसवू, आणि आबांना कसं पटवू?

वयाने तू माझ्या पुतण्याएवढा आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. राग मानू नकोस.

आधी एक कबुली देतो. मी सव्वीस वर्षांचा असताना माझ्या जुन्या झेनच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा कापून घेतल्या होत्या. तेव्हाही ते स्वस्तातच झालं होतं, आणि गॅरेजवाल्याने तेव्हाही "काय होत नाही, पन्नास गाड्या केल्यात" असंच सांगितलं होतं. तीन आठवडे गाडी जमिनीलगत आणि मी हवेत. मग एका रविवारी विट्याच्या रस्त्याला स्पीडब्रेकर उतरताना मागचं डावं चाक पुढच्या खड्ड्यात लोंबलं, 'खाट्' असा आवाज झाला आणि गाडी एका कुशीवर आली. आई मागे बसली होती, मांडीवर लोणच्याची बरणी. बरणी वाचली. मी खाली वाकून बघितलं तर स्प्रिंग तिच्या वाटीतून निसटून आडवी अडकलेली. त्यामुळे तुला ही हौस करू नको म्हणून सांगायचा नैतिक अधिकार मला नाही. ती स्प्रिंग का निसटली, एवढं सांगायचा मात्र आहे.

अशा छोट्या गाड्यांत मागची स्प्रिंग वरून किंवा खालून नटबोल्टने आवळलेली नसते. वर बॉडीला एक बैठक, खाली बीमला, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, एक वाटी, मधे स्प्रिंग, आणि तिला जागेवर धरून ठेवतं ते गाडीचं वजन. चाक पूर्ण खाली लोंबलं तरी मूळ लांबीची स्प्रिंग थोडी दाबलेलीच राहते, म्हणून ती हलत नाही. दीड वेढा कापलास की लोंबत्या चाकावर ती सैल होते, खुळखुळ्यासारखी. सपाट रस्त्यावर महिनाभर काही कळतसुद्धा नाही, कळतं ते चाक खड्ड्यात लोंबतं तेव्हा. पुढची स्प्रिंग शॉकअपवर चढवलेली असल्यामुळे अशी सहजी बाहेर पडत नाही, पण तिचं कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. स्टिअरिंग फिरवताना टण्ण टण्ण वाजत राहते.

स्प्रिंग कापली की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते. तार तीच, वेढे कमी. समज सहा वेढे काम करत होते आणि तू दीड काढलास, उरले साडेचार. कडकपणा सहा भागिले साडेचार पट होतो, म्हणजे ३३ टक्क्यांनी वाढतो. तुझे शॉकअप मात्र जुन्या, मऊ स्प्रिंगसाठी बनवलेले. त्यांना ही नवी उसळी आवरता येत नाही, म्हणून गाडी टणक लागते आणि वर उड्याही मारते. त्यात गाडी आधीच खाली आलेली, म्हणजे शॉकअपचा दांडा अर्धा आत गेलेला. प्रत्येक खड्ड्याला तो तळाच्या रबरावर आपटतो. काही महिन्यांत शॉकअप तेल सोडतो आणि १,८०० रुपयांच्या कामावर त्याच्या कितीतरी पट बिल चढतं.

गॅस कटरने स्प्रिंग तापवून 'बसवून देतो' म्हणणारेही भेटतील. तिथून सरळ निघून ये. स्प्रिंगचं पोलाद ठरलेल्या तापमानाला पाणी देऊन बनवलेलं असतं. ते तापवलं की त्याचा जीव गेला. आज दोन इंच खाली बसते, पावसाळ्यापर्यंत तीन, आणि डावी-उजवी सारखी कधीच नाही.

आता तुझं ते 'खाली आली की वळणावर चिकटते'. अर्धं खरं आहे. वजन जमिनीजवळ आलं की गाडी कमी कलंडते, हे बरोबर. पण स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. त्यात लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, मूळ उंचीला साधारण आडवा असतो. गाडी बरीच खाली आणलीस की तो चाकाकडे वर चढतो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदू गाडीच्या वजनापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. मग थोडं खाली आणून जे कमावलं, ते जास्त खाली आणून घालवलं. रेसच्या गाड्यांत यासाठी हा आर्म चाकाला जोडणाऱ्या बॉल जॉइंटची जागाच बदलतात. आपल्याकडे १,८०० रुपयांत ते होत नाही. भरीला चाकांचा अँगल बिघडतो, त्यातही टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते. टायरची आतली कड झिजत जाते आणि बाहेरून टायर नवाकोरा दिसतो. माझ्या झेनचं हेच झालं होतं: बाहेर नक्षी शाबूत, आत हात घातला तर तारा टोचल्या.

तू पत्रात दोन गोष्टी एकत्र केल्यात, असं मला वाटतं. एक, गाडी दिसायला खाली हवी. दोन, गाडी चालवायला घट्ट हवी. तुझी गाडी २०१४ची आहे आणि किती पळाली ते तू लिहिलं नाहीस, पण तिचे मूळ शॉकअप आणि बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं, बदलले नसतील तर ती वळणावर सैल लागणारच. त्याला उंची कारण नाही. उद्या सकाळी एवढं कर. पुढच्या बंपरच्या वर, कोपऱ्यात दोन्ही हातांनी जोर लावून दाब आणि सोड. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर शॉकअप संपलेत. मग चाक पूर्ण वळवून आत बॅटरी मार. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओलावा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तरी तेच. शेवटी टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरव, दोन्ही दिशांनी. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट गेलेली आहे.

तुझे १० हजार आधी इथे लागावेत, असं माझं मत. पुढचे दोन शॉकअप, त्यांच्यावरचे माउंट, लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, यातलं जे गेलं असेल ते, आणि सगळं झाल्यावर अलाइनमेंट. कराड, सातारा, कोल्हापूर अशा दोन-तीन ठिकाणी कोटेशन घे, कारण मजुरीत फार फरक पडतो. शॉकअप नेहमी जोडीनेच बदलायचे, एक नवा एक जुना नाही. हे करून कुंभार्ली घाटातून एकदा चिपळूणला जाऊन ये. गाडी एक बोटभरही खाली आलेली नसेल आणि तरी तुला वाटेल की खाली आली.

दिसण्याचं काय, म्हणशील. फट तशीच राहणार, खोटं कशाला सांगू. पण तिच्याकडे लक्ष जाण्याचं निम्मं कारण बारीक टायर आणि व्हीलकॅप असतं. तुझ्या मॉडेलला कंपनीने १६५/८० आर१४ टायर दिले, आणि त्याच पिढीच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर१५, अलॉयसकट. दोन्हींचा व्यास जवळपास सारखाच येतो, सुमारे ६२ सेंटीमीटर, त्यामुळे मीटर चुकत नाही आणि टायर कुठे घासतही नाही. टायर दोन सेंटीमीटर रुंद, बाजूची भिंत बुटकी, चाक मोठं. झेडएक्सआयचे कंपनीचे अलॉय सेकंडहँड मिळतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, नाहीतर कोल्हापुरात चौकशी कर. घेताना प्रत्येक अलॉय बॅलन्सिंग मशिनवर फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. वाकडा अलॉय डोळ्याला दिसत नाही.

आता तुझ्या रस्त्याकडे येतो, कारण तुझ्या पत्रात गाडी आहे, मित्र आहेत, आबा आहेत, पण रस्ता कुठेच नाही.

या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि रस्ता यांमधलं अंतर, कंपनी १७० मिलिमीटर सांगते, तोही रिकाम्या गाडीचा. दीड वेढा कापला की ४०-५० सहज गेले. राहिले १२० ते १३०. त्यात चार माणसं आणि डिकीत पोतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषातला गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तुझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आहे २.४३ मीटर. म्हणजे नियमातला गतिरोधक त्या अंतरापेक्षा ऐसपैस. गाडी त्याच्यावर चढते आणि उतरते, पोट टेकत नाही. पण आपल्या गावोगावचे गतिरोधक कोणत्या निकषात बसतात ते तू आणि मी दोघेही जाणतो. कुणाचं तरी पोर गाडीखाली येता येता वाचलं की रात्रीत डांबराचा हातभर रुंद, गुडघ्याला लागेल असा उंचवटा उभा राहतो. त्यावर पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि मधे तुझं ऑइल चेंबर.

वस्तीवरच्या रस्त्याची गोष्ट वेगळीच. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या पडतात. चाकं त्या चाकोरीतून जातात आणि मधला वरंबा पोटाखालून. आज तो वरंबा किती उंच आहे, हे मार्चमध्ये ट्रॉल्या थांबेपर्यंत रोज बदलत राहणार.

म्हणून माझी एक विनंती आहे. खर्च पन्नास-साठ रुपये. स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोल आण. गाडी जेवढी खाली आणायची तेवढ्या जाडीचे, म्हणजे ४ सेंटीमीटरचे, वीतभर लांब तुकडे काप. पातळ असेल तर दोन एकावर एक चिकटव. एक तुकडा पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला मधोमध, एक गाडीच्या पोटाला मधल्या भागात जिथे सपाट पत्रा मिळेल तिथे, आणि एक मागे. सायलेन्सरच्या पाइपपासून हातभर लांब ठेव, वितळतो. आधी पत्रा ओल्या फडक्याने पुसून वाळू दे आणि मग रुंद कापडी टेप लाव. ब्राउन टेप पहिल्याच धुळीत सुटते. आणि मग आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालव. कारखाना, बाजार, वस्ती. एक दिवस चार माणसं घालून. एक दिवस मित्रांच्या त्या गाड्यांच्या मागेमागे, ते ज्या रस्त्याने जातात त्याच रस्त्याने. रोज रात्री खाली वाकून तुकडे बघ. कुठला घासला, कुठला फाटला, कुठला गायब झाला, आणि कुठल्या ठिकाणी, ते लिहून ठेव. गाडीच्या पत्र्याला ओरखडा न येता तुला कळेल की तुझ्या रस्त्यावर चार सेंटीमीटरची किंमत काय. हे तुझ्यासारख्याच हौसेने मला अधूनमधून लिहिणाऱ्या सगळ्यांना सांगणं आहे, मग गाडी कुठलीही असो. सांगलीतल्या सरळ रस्त्यावर राहणाऱ्याचे तुकडे कदाचित शाबूत राहतील. त्याने खुशाल खाली आणावी.

आणि तुझे शाबूत राहिले तर? तर मी अडवणार नाही. पण मग थांब, पैसे साठव, आणि तयार स्प्रिंगाच घे. तुझ्याच मॉडेलसाठी बनवलेल्या, २५ ते ३० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली न नेणाऱ्या. त्या आखूड असल्या तरी चाक लोंबल्यावर जागेवर राहतील अशा वळलेल्या असतात. शॉकअप नवे असताना लाव, रबर स्टॉपरही नवे. दोन-तीनशे किलोमीटर चालवून स्प्रिंगा बसल्या की मग अलाइनमेंट कर, लगेच केलेली वाया जाते. हेडलाइटचा रोख तपास. पंक्चर झालेल्या टायरवर, रिकाम्या गाडीखाली तुझा जॅक आत जातो का तेही घरी एकदा करून बघ, पावसात रस्त्यावर नाही. काढलेल्या मूळ स्प्रिंगांना ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेव.

त्या माळ्यावरच्या स्प्रिंगांचा माझा आग्रह आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या बाजूला मेक्सिकन वंशाच्या पोरांनी गाड्या जमिनीला टेकवायचा छंद लावला. सुरुवातीला तेही तुझ्यासारखेच, स्प्रिंगा कापायचे नाहीतर डिकीत वाळूच्या गोण्या टाकायचे. कॅलिफोर्नियाने १९५८ पासून चाकाच्या रिमखाली गाडीचा कुठलाही भाग येता कामा नये असा कायदा केला. तेव्हा रॉन अगीरे नावाच्या एकाने १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले: पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. तो कायदा २०२४ पासून उठला, ते सोड. पण गाडी खाली आणण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांनीही शेवटी डोकं लावलं ते ती पुन्हा वर कशी आणायची यावर. कापलेला वेढा परत जोडता येत नाही. गोणी काढता येते, स्प्रिंग बदलता येते.

कायद्याचं म्हणशील तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीतल्या १८२-अ कलमात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगितलंय. गॅरेजवाला म्हणेल की आरसीवर गाडीची उंची कुठे लिहिलेली असते. चौकातल्या पोलिसाशी हा वाद घालता येईल. विमा कंपनीच्या सर्व्हेअरशी घालून बघ. गाडी ठोकली आणि त्याने चाकामागे कापलेली स्प्रिंग बघितली, तर तुझ्या गाडीच्या नुकसानभरपाईला नाट लावायला त्याला ते पुरे आहे. म्हणून स्प्रिंगा बदलल्यास तर विमा कंपनीला आधी ईमेल करून विचार आणि उत्तर जपून ठेव. ते नाही म्हणाले तर ते उत्तरच समज.

राहिले आबा. तू विचारलंस, त्यांना पटवू कसं. तुझ्या पत्रातलं त्यांचं एकच वाक्य मला मिळालंय, आणि त्यात ते गाडी खाली आणू नको म्हणालेले नाहीत. ते कटरला नाही म्हणालेत. हा फरक तुझ्या लक्षात आलाय का? उसाचं बिल वर्षभराच्या कष्टाचं असतं. त्यातून काढून दिलेल्या वस्तूला कोणी ग्राइंडर लावतोय म्हटल्यावर माणूस याच्यापेक्षा गोड बोलत नाही. शिवाय तू कामावर असतोस तेव्हा ती गाडी कोण वापरतं, हे तू लिहिलेलं नाहीस. आबा वापरत असतील तर खाली बसलेल्या गाडीतून गुडघ्यावर हात टेकून उठायचं त्यांना आहे, तुला नाही. त्यांना एकदा विचार, "तुम्हाला या गाडीत काय खटकतं?" कदाचित तेही म्हणतील, पुढून खडखड येते. मग तुमचा दोघांचा खर्च एकच झाला.

आणि हो, थर्माकोल लावणार असशील तर शनिवारी संध्याकाळी लाव, म्हणजे रविवारच्या बाजाराची फेरी त्यात मोजली जाईल. पण आबांना सांगून लाव. नाहीतर ते गाडीखाली काहीतरी लोंबतंय म्हणून ओढून काढतील आणि गोठ्यात फेकतील.